पातूरचा लांबलेला मध्यान्ह

ज्याच्याजवळ घड्याळ आहे त्यानं ते बंडीच्या आतल्या खिशात ठेवावं आणि साखळी बाहेर दिसू देऊ नये. मला हे वेळेवर कुणी सांगितलं नाही. माझी साखळी दिसत असे, ती साहेबाला दिसली, आणि त्यापायी मुलींची शाळा अमरावतीला न होता पातूरला झाली. या प्रकरणाबद्दल अमरावतीच्या बाजारात जे बोललं जातं त्यातलं निम्मं खोटं आहे. उरलेलं निम्मं मी स्वतःच सांगतो, म्हणजे निदान ते नीट सांगितलं जाईल.

दिवस कापसाचे होते. तिकडे अमेरिकेत लढाई होऊन तिथला कापूस अडला आणि इकडे भाव चढून वऱ्हाडात बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या आल्या. बदनेऱ्यापर्यंत आगगाडी आली, अकोल्याहून तार येऊ लागली, आणि ज्याच्या वावरात चार बोंडं फुटली तो मुंबईहून घड्याळ मागवू लागला. माझे शेजारी खुशालराव यांच्या बैठकीत चार घड्याळं होती. चारही वेगवेगळी वेळ दाखवत. मी एकदा म्हटलं, खुशालराव, ही जुळवून तरी घ्या. तर म्हणाले, "जुळवले तं चार कायले पाह्यजे, मास्तर? मंग एकच पुरते." मी सरकारी शाळेत मास्तर असून मला उत्तर सुचत नाही, हे त्यांनी चार घरी सांगितलं.

तर शाळाखात्याच्या इंग्रज साहेबाचा हुकूम आला की या भागात मुलींची एक शाळा काढायची. एकच. अमरावती, अकोला, अकोट, अचलपूर आणि पातूर अशी पाच गावं ठरली. मार्गशीर्ष शुद्ध पंचमीला मध्यान्हापर्यंत ज्या गावात जास्त मुलींची नावं नोंदली जातील, शाळा त्या गावाला. यात पातूर कसं आलं म्हणाल, तर साहेब तिथली लेणी पाहायला गेला होता तेव्हा गावकऱ्यांनी त्याला भर उन्हात थंड ताक पाजलं होतं. हुकूम वाचून साहेबानं माझ्या साखळीकडे बोट दाखवलं आणि म्हणाला, मास्तर, वेळेचं काम तुम्ही पाहा. कुणाची तक्रार येता कामा नये.

मी घरी येऊन ही बातमी सांगितली तेव्हा माझी मुलगी सिंधू तांदूळ निवडत होती. ती सूप तसंच टाकून उठली. सिंधूला वाचायचं वेड होतं. बाजारात कापसाच्या बोऱ्यांवर व्यापाऱ्यांची नावं लिहिलेली असत, ती पाहत ती उभी राही आणि एखादं अक्षर अडलं की घरी येऊन मला विचारी. आता तुम्ही म्हणाल, बाप मास्तर, मग घरीच का नाही शिकवलंत? दिवसभर लोकांच्या मुलांशी घसा फोडून आलेल्या माणसाला हा प्रश्न विचारणं सोपं आहे. माझी पत्नी रमा तो रोज विचारी. दिव्याखाली अंधार, एवढंच म्हणून ती पोळ्या लाटायला लागे, आणि त्या दिवशीच्या पोळ्या जाड होत.

"आता तं झालं," रमा म्हणाली. "उद्या सकाळी पयलं नाव सिंधूचं लिहा."

मी म्हटलं, "असं कसं? वेळेचं काम माझ्याकडे आहे. नियम करणाऱ्यानं आधी आपल्या पोरीचं नाव घुसडलं तर लोक काय म्हणतील? सगळ्यांची नावं होऊ देत. शेवटचं नाव तिचं लिहीन."

"शेवटचं?"

"शेवटचं. त्यात मान आहे."

रमानं माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्याचा अर्थ मला तेव्हा कळला नाही असं नाही, पण मी तो मनावर घेतला नाही.

पहिले आठ दिवस एकही नाव आलं नाही. खुशालरावांच्या पत्नी माणिकबाई आमच्या अंगणात बसून म्हणाल्या, "पोट्टी शिकली तं चिठ्ठ्या लिहिन. कोनाले लिहिन, काय लिहिन, आपल्याले कसं कयन?" त्यांच्या तिन्ही मुली शेजारी बसून हे ऐकत होत्या आणि त्यांच्या तोंडावरून दिसत होतं की काय लिहायचं ते त्यांचं ठरत आलेलं आहे. मी लोकांना शिक्षणाचे फायदे सांगितले. लोकांनी ऐकून घेतलं आणि कापसाचा भाव विचारला.

मग अकोल्याहून कुणीतरी बातमी आणली की तिकडे अकरा मुली झाल्या. बस. मुलीनं शिकावं की नाही हा प्रश्न त्या घटकेला संपला आणि अकोल्यानं पुढे जावं की नाही हा प्रश्न उभा राहिला. खुशालरावांनी त्याच दुपारी तिन्ही मुली आणून उभ्या केल्या. वर एका विधवा मावशीचं नाव दिलं, आणि मी ते खोडल्यावर 'गंगी' असं नाव दिलं. गंगी ही त्यांची गाय होती, हे मला माहीत होतं कारण तिचं दूध आमच्याकडे येई. दुसऱ्या एकानं अजून जन्माला न आलेल्या मुलीचं नाव लिहून घ्या म्हणून धरणं धरलं. तेव्हा मला एक कलम वाढवावं लागलं की नाव लिहिताना मुलगी समोर उभी पाहिजे आणि घरातल्या बापानं किंवा आजानं हो म्हटलं पाहिजे. हे कलम पाचही गावांना लागू झालं. ते माझं आहे, आणि ते चांगलं आहे.

एवढ्यात अकोल्याचे कमलाकांत वकील स्वतः आगगाडीनं येऊन उभे राहिले. गृहस्थ अत्यंत नम्र. नम्रपणे त्यांनी विचारलं, "हरिहरपंत, मध्यान्ह म्हणजे कोणाचा?"

"म्हणजे?"

"सूर्य पूर्वेकडून येतो. तो आधी आपल्या अमरावतीच्या माथ्यावर येतो आणि मग आमच्या. अमरावतीत मध्यान्ह झाला म्हणून मुदत संपली, तर अकोल्याला तो अजून व्हायचाच असतो. सबब, आमची मुदत चोरली जाते."

फरक तीन-चार मिनिटांचा होता. पण वकिलानं एकदा 'सबब' म्हटलं की मिनिटं मोजून उपयोग नसतो. ही गोष्ट संध्याकाळपर्यंत गावभर झाली. खुशालराव माझ्या ओट्यावर येऊन बसले. सूर्य आधी अमरावतीला येतो हे ऐकून त्यांना फार समाधान वाटलं.

"म्हनजे आधी आमी, मंग अकोला?"

"हो."

"हे आमाले ठाऊकच होतं," ते म्हणाले. "पन मंग तं ज्याच्या त्याच्या गावच्या मध्यान्हाले मुदत संपवा. भांडनच नाई."

मला ते पटलं होतं. पण खुशालराव कापसाच्या सौद्यात मुरलेले. उठता उठता थांबले आणि म्हणाले, "नाई, थांबा. आपली मुदत आधी संपन. अकोल्याचा वकील तारेजवळ बसून राहीन. आपला आकडा कयला का त्याच्यावर एक पोट्टी चढवन. उशिरावाल्याचा फायदा हाय यात."

म्हणजे एक मध्यान्ह धरावा तर पश्चिमेची गावं रडणार, ज्याचा त्याचा धरावा तर पूर्वेची. अचलपुराहून निरोप आला की आमचं गाव जुनं, सबब आमचा मध्यान्ह धरावा. अकोटवाल्यांनी कळवलं की कुणाचाही धरा पण अकोल्याचा धरू नका. आगगाडीच्या ठेसनावर तर मुंबईची वेळ चाले, ती आमच्यापेक्षा इतकी मागे की त्या वेळेप्रमाणे जेवणारा माणूस उपाशी मरेल. माणिकबाईंनी तोडगा सुचवला की मुदत अमुशाच्या राती संपवावी, म्हणजे कोणाचाच सूर्य नाही आणि कोणाचंच भांडण नाही. मी हसलो. आता वाटतं, तोच तोडगा बरा होता.

मी तीन दिवस विचार केला आणि नियम केला. पाचही गावांत सगळ्यांत पश्चिमेला पातूर. सूर्य तिथे सगळ्यांच्या शेवटी माथ्यावर येतो. सबब (मीही सबब म्हटलं), 'पातूरास मध्यान्ह होईपर्यंत कोणत्याही गावाची मुदत संपली असे समजू नये. पातूरचा मध्यान्ह तेथील भगवंत जोशी यांच्या घटिकापात्राप्रमाणे धरावा.' म्हणजे ज्याचा सूर्य सगळ्यांत उशिरा, त्याच्यासाठी सगळ्यांनी थांबायचं. कुणाचंही मिनिट कमी होत नाही आणि सगळ्यांची मुदत एकाच क्षणी संपते. या नियमात तेव्हा कुणाला खोट दिसली नाही आणि आजही मला दिसत नाही.

पाचही गावच्या सभेत मी नियम वाचला तेव्हा कमलाकांत वकिलांनी मात्र नम्रपणे विचारलं, "भगवंत जोशी म्हणजे आपले सासरे ना?"

होय, सासरे. पण पातूरला दुसरं घड्याळच नव्हतं. जोशीबुवांच्या ओसरीत पाण्यानं भरलेलं घंगाळ असे आणि त्यात तळाला बारीक भोक पाडलेली तांब्याची वाटी तरंगत असे. भोकातून पाणी शिरून वाटी बुडाली की एक घटका भरली. ते झांज वाजवत आणि वाटी पुन्हा सोडत. सूर्योदयापासून अशा घटका मोजत त्यांचा मध्यान्ह होई, आणि गाव त्याप्रमाणे जेवे. राहिला पक्षपाताचा प्रश्न. त्यावर मी भर सभेत माझ्या लग्नाची हकीकत सांगितली. आमचं वऱ्हाड बोर्डी नदीच्या वाळूत रुतलं आणि आम्ही मांडवात पोचलो तेव्हा वाटी बुडायला आली होती. मी मुंडावळ्या सावरत धावत येतो आहे हे सासऱ्यांना दिसत होतं. त्यांनी मांडवाकडे पाहिलं नाही, वाटीकडे पाहिलं. वाटी बुडाली. "मुहूर्त गेला," ते म्हणाले, आणि आम्ही सगळे गोरज मुहूर्तापर्यंत उपाशी बसलो. ज्या माणसानं स्वतःच्या जावयासाठी घटका थांबवली नाही तो कुणासाठी थांबवणार? सभेनं मान डोलावली. वकिलांनीसुद्धा डोलावली. माझ्या आयुष्यात त्या लग्नाचा तेवढा एक सार्वजनिक उपयोग झाला.

सगळं सुरळीत होतं, फक्त घरी नव्हतं. रोज सकाळी सिंधू विचारी, "नाना, आज?" मी म्हणे, "शेवटी." रमा म्हणे, "लोकां सांगे ब्रह्मज्ञान." पुढचं ती म्हणत नसे, पण आपण कोरडे पाषाण हे मला पाठ आहे. पंचमीच्या आदल्या दिवशी ती एवढंच म्हणाली, "गावातल्या साऱ्या पोरीइचे नावं झाले. एक राह्यली." मी म्हटलं, "उद्या तीही होईल. शेवटच्या क्षणी." मला त्या क्षणाची थोडी हौस होती, हेही सांगून टाकतो. भरल्या कचेरीत घड्याळ काढायचं, पाहायचं, आणि मग शांतपणे स्वतःच्या मुलीचं नाव लिहायचं. लोकांनी पाहिलं असतं.

पंचमीला सिंधू सकाळपासून कचेरीच्या ओट्यावर खणाचा परकर नेसून बसली. रमा बायकांत बसली होती. कचेरीत मध्यान्हाचा टोल पडला. मी सगळ्यांना सांगितलं की पातूरचा मध्यान्ह व्हायला अजून चार मिनिटं आहेत, आणि घड्याळ हातात घेऊन लेखणी शाईत बुडवली.

तेवढ्यात फाटकातून एक बैलगाडी आत आली. गाडीत बैठकीतल्या चारांपैकी एक, माणसाच्या उंचीचं घड्याळ उभं होतं आणि ते पडू नये म्हणून खुशालराव त्याला मिठी मारून होते.

"थांबा," ते वरूनच म्हणाले. "वावरातून एक पोट्टी येऊन राह्यली. या घड्यायात अजून साडेदहा झाले. मुदत बाकी हाय."

मी म्हटलं, "खुशालराव, तुमचं घड्याळ चुकीचं आहे."

"मुंबईहून आनलं."

"कुठूनही आणलं असलं तरी."

"तुमचं बी मुंबईचंच हाय नं? मंग तुमचं खरं न माहं खोटं, हे कोनी ठरवलं? तुमचं लहान हाय, माहं मोठं हाय."

लोक हसले. आता तिथं मी गप्प बसलो असतो तर पुढचं काही झालं नसतं. पण शिकवणं हा माझा धंदा, आणि माझ्या घड्याळाला लोक हसले होते. मी उठून उभा राहिलो आणि पृथ्वी कशी फिरते, सूर्य आधी कुठे, मग कुठे, लहान आणि मोठं घड्याळ यांत खरेपणाच्या दृष्टीनं फरक कसा नसतो, हे सगळं समजावून सांगितलं. व्याख्यान उत्तम झालं. खुशालरावांनाही पटलं. ते म्हणाले, "बरं बाप्पा, तुमचं खरं." मी घड्याळाकडे पाहिलं. पातूरचा मध्यान्ह होऊन गेला होता.

"मुदत संपली," मी म्हणालो आणि वही मिटली.

"नाना, मी?" सिंधू म्हणाली.

कारकून रामरावांनी हळूच लेखणी माझ्यापुढे धरली. "लिहा नं मास्तर, कोन पाहते?" खुशालराव तर गाडीतूनच म्हणाले, "माह्या घड्यायात अजून एक तास पडेल हाय, त्यात लिहा." सगळे तेच म्हणत होते. मी नाही म्हटलं. नियम माझा होता. तो मीच पहिल्याच खेपेला मोडला असता तर उद्या गंगी शाळेत येऊन बसली असती. सिंधू रडली नाही. तिनं परकराच्या घड्या नीट केल्या आणि खाली पाहत बसून राहिली. मला फार वाईट वाटलं. तसं चेहऱ्यावर दाखवणं नियमाच्या दृष्टीनं योग्य नव्हतं, म्हणून मी बाकीच्या कागदांवर सह्या केल्या. वर पाहिलं तेव्हा रमा आणि सिंधू तिथे नव्हत्या.

संध्याकाळी तारेनं आकडे आले. अकोला आमच्यापेक्षा दोनानं मागे, अकोट आणि अचलपूर त्याहून मागे. पातूरचा आकडा आला नव्हता, पण पातूरची कुणाला फिकीर? खुशालरावांनी पेढे वाटले. मी दोन पेढे पानात बांधून घरी गेलो, तर दाराला कुलूप. किल्ली माणिकबाईंकडे.

"ते तं दुपारच्या गाडीनं बदनेऱ्याहून गेली," त्या म्हणाल्या. "पातूरले जातो म्हने. उद्या चंपाषष्ठी हाय नं माहेरी. तुमच्यासाठी भाकरी ठिवली हाय फडक्यात."

चंपाषष्ठीसाठी रमा आजवर कधी माहेरी गेली नव्हती. मी भाकरी खाल्ली. पेढे कुणाला द्यायचे हे समजेना, म्हणून देवापुढे ठेवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी कचेरीत कमलाकांत वकिलांची तार आली. ती रामरावांनी वाचली, मी वाचली, मग साहेबानं वाचली. मजकूर असा: 'आमचा माणूस काल सायंकाळी पातूरहून निघाला. आकडा अमरावतीच्या बरोबरीस. पातूरास मध्यान्ह अद्याप नाही.'

साहेब म्हणाला, मास्तर, याचा अर्थ काय?

अर्थ सरळ होता. पातूरला आदल्या दिवशीचा सूर्य मावळला होता आणि मध्यान्ह व्हायचा राहिला होता. नंतर कळलं ते असं. ऐन मध्यान्हाच्या घटकेला सासऱ्यांची वाटी तरंगायला लागली ती तरंगतच राहिली. लोक म्हणाले, जोशीबुवा, सूर्य कलला. ते म्हणाले, सूर्याचं मला सांगू नका, नियमात पात्र लिहिलं आहे, आणि पात्र बुडल्याशिवाय घटका भरत नाही. तरंगत्या पात्राला हात लावायचा नाही, हे तर शास्त्रच. पातूरकरांना उमगायला वेळ लागला नाही की जोवर वाटी वर आहे तोवर मुदत आहे. त्यांनी वाड्यावस्त्यांवर माणसं धाडली, वेचणीला गेलेल्या पोरी वावरांतून आणल्या, आणि एकेक करून ओसरीत उभ्या केल्या. दिवस मावळल्यावर घंगाळाजवळ समई लावली. बायकांनी पिठलं-भाकरी तिथंच आणली. भजन झालं. वाटी तरंगत होती.

कचेरीत खुशालरावांनी ती तार ऐकली आणि त्यांचा चेहरा उजळला.

"म्हनजे मुदत बाकी हाय? आपली बी?"

"नियमाप्रमाणे बाकी आहे," मी म्हटलं.

"मंग बसले काय, मास्तर? बराबरी झाली हाय. एक पोट्टी लिहिली का शाळा आपली. गावात कोन राह्यली?"

रामरावांनी वही उघडून पाहिली, पण पाहायची गरज नव्हती. खुशालरावांच्या वावरातली ती पोट्टी वेचणीला आलेली परगावची होती आणि आदल्या संध्याकाळीच बापाबरोबर परत गेली होती. अख्ख्या अमरावतीत नाव न लिहिलेली एकच मुलगी होती हे सगळ्यांना ठाऊक होतं. सगळे माझ्याकडे पाहू लागले.

"आना नं सिंधूले," खुशालराव म्हणाले. "मी दमनीले बैल जुपतो."

"सिंधू पातूरला गेली," मी म्हटलं.

रामरावांनी वही मिटली. खुशालराव एवढंच म्हणाले, "बाप्पा."

दुसरी तार त्यानंतरच्या दिवशी आली. 'षष्ठीस सकाळी पातूरास पंचमीचा मध्यान्ह झाला. पातूर एकाने पुढे.' ते एक कोण, हे तारेत नव्हतं.

अमरावतीचे लोक साहेबाकडे गेले, अकोल्याचे वकील गेले. साहेबानं माझा नियम दोनदा वाचला. शब्दाला शब्द पाहिला. मग म्हणाला, नियमाप्रमाणे शाळा पातूरची. मास्तर, तुम्ही जाऊन चौकशी करून या, आणि दप्तरात नोंद करा की पंचमीचा मध्यान्ह षष्ठीला सकाळी झाला. ती नोंद माझ्या हस्ताक्षरात आहे. वीस वर्षं मी मुलांना शुद्ध आणि खरं लिहायला शिकवलं होतं.

पातूरला पोचलो तेव्हा सासरे ओसरीत बसले होते आणि वाटी नेहमीसारखी बुडत होती. मी चौकशी सुरू केली.

"पात्राच्या भोकात काय अडकलं होतं?"

"कापसाची रुई," ते म्हणाले.

"पात्रात रुई कशी गेली?"

"मोसम हाय. रुई उडूनच राह्यली साऱ्या गावात. तुमच्या पागोट्याले बी हाय."

खरंच होती. मी ती काढली. "मग बुडालं कसं?"

"सकायी रमा आली. पोरीले माह्यापुढं उभी केली, मी हो म्हनलं, नाव लिहिलं. मंग रमानं पाह्यलं तं भोकात रुई. तिनं काडीनं काढली. पात्राले हात नाई लावला, काडी लावली. पात्र बुडालं, मी झांज वाजवली."

त्यांचा चेहरा घंगाळातल्या पाण्यासारखा शांत होता. मग मी जे विचारायचं होतं ते विचारलं. "तुम्ही आमच्या लग्नात थांबला नाहीत. मग या खेपेला...?"

"मी कुठी थांबलो? पात्र थांबलं," ते म्हणाले. मग त्यांनी वाटी काढून उपडी केली, पुसली, पुन्हा पाण्यावर सोडली. "पन एक सांगतो, जवाईबापू. तुमी ऐन वेळेले येता, हे मी तुमच्या लग्नातच पाह्यलं होतं, अन् पोरीचं नाव शेवटी ठिवलं हे रमानं कयवलं होतं. त्या दिवशी तुमी उपाशी राह्यले तं काई बिघडलं नाई. मोठे मानसं होते. पोरीनं काहून उपाशी राहावं?"

आत रमा चुलीपाशी होती. मी दारात उभा राहिलो. ती वर न पाहता बोलली, अगदी साधेपणानं, रागाशिवाय, आणि त्यामुळेच मला ते जास्त लागलं.

"साऱ्यात मागच्या मानसासाठी थांबा म्हनून तुमी एवढा नियम केला. अकोल्यासाठी थांबले, अकोटासाठी थांबले, खुशालभाऊच्या पोट्टीसाठी भाषन देत उभे राह्यले. साऱ्यात मागं तं आपलीच पोर उभी होती. तिच्यासाठी कोनी थांबायचं का नाई?"

मी म्हटलं, "नियम चुकीचा नव्हता."

"नवताच," ती म्हणाली. "म्हनून तं शाळा भेटली. हातपाय धुवा, पान वाढते."

चौकशीचा अहवाल मी एका ओळीत लिहिला: पात्रात रुई गेली, कोणाचा दोष नाही. पुढचा घोळ असा झाला की पातूरला जायला एकही मास्तर तयार होईना. साहेबाला तोडगा सुचायला वेळ लागला नाही. अमरावतीच्या सरकारी शाळेतून माझी बदली पातूरच्या मुलींच्या शाळेवर झाली. आता पातूरला राहायचं म्हणजे सासऱ्यांकडे. अमरावतीहून निघताना खुशालरावांनी मला बदनेऱ्यापर्यंत दमणीनं सोडलं आणि वाटेत तीनदा विचारलं की घरजावयाला दूध सकाळी देतात की संध्याकाळी. गाडी सुटताना मात्र त्यांनी चारांतलं एक लहान घड्याळ माझ्या हातात ठेवलं. "शायेत लावा," ते म्हणाले. "वेय चुकीची दाखोते, पन पोट्ट्याइले आकडे शिकाले कामी येईन." माणसाला टाकून बोलावं तर तो असं काही करून ठेवतो.

शाळा देवळामागच्या पडवीत भरली. पहिल्या दिवशी मुली भिंतीला टेकून ओळीनं बसल्या, काहींच्या केसांत अजून रुई होती. सिंधू कडेला बसली होती, सगळ्यांत शेवटी. इतक्या दिवसांनी तिला ती जागा आपलीच वाटू लागली होती की काय कोण जाणे. मी तिला हाक मारून पुढे बसवलं. ओसरीवरून सासऱ्यांची झांज ऐकू आली. मी माझं साखळीचं घड्याळ पाहिलं, तर ते चार मिनिटं पुढे होतं, अमरावतीचं. मी ते मागे केलं नाही. खुंटीला टांगून ठेवलं.

मग कोरी हजेरी उघडली आणि पहिलं नाव सिंधूचं लिहिलं.

"नाना," ती वहीत डोकावून म्हणाली, "हे 'सिं' आहे ना? बोऱ्यांवर हे अक्षर कधी नसायचं."

मी म्हटलं, "तेच आहे. आता तू लिही," आणि लेखणी तिच्या हातात दिली.